अडीच किलोचा हिशेब

रानात चिखल तुडवायचा, जळवा सोसायच्या आणि रात्रभर बेडकांच्या मागे फिरायचं, हा आमच्या कामातला आरामाचा भाग. खरी कसोटी बेडकांच्या ऊतींचे गोठवलेले नमुने विमानाने न्यायची वेळ आली की लागते. ऊती वितळल्या की त्यातला आरएनए, म्हणजे पेशीतला जनुकांचा निरोप्या रेणू, तुटू लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

म्हणून कोरडा बर्फ. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होतो आणि एका किलोचा ५०० लिटरांहून जास्त होतो. त्यामुळे खोका हवाबंद करायचा नाही, वायूला वाट ठेवायची, वर 'यूएन १८४५'चं, म्हणजे कोरड्या बर्फाच्या धोकादायक-माल क्रमांकाचं, लेबल डकवायचं. प्रवाशाला फक्त अडीच किलो, तेही विमान कंपनीने हो म्हटलं तर.

"आत काय आहे?" विमानतळाच्या काउंटरवरून प्रश्न आला.

"यकृत."

शेजारच्या रांगेतल्या बाईंनी पोराला जवळ ओढलं.

"बेडकाचं," मी घाईघाईने पुरवणी जोडली. पोरगं हात सोडवून खोक्याकडे धावलं.

अनुभवी मंडळी म्हणतात, कोरड्या बर्फाऐवजी 'ड्राय शिपर' नावाची टाकी घेऊन जा. त्यात द्रव नायट्रोजन सच्छिद्र पदार्थात मुरवतात आणि वरचा ओतून टाकतात. मोकळा द्रव उरत नाही, म्हणून नीट भरलेला शिपर धोकादायक मालात धरत नाहीत. हे सगळं खरं. पण दुधाच्या कॅनसारखी ती टाकी कवटाळून सुरक्षा तपासणीत "आत नायट्रोजन आहे, पण सांडणार नाही" हे वाक्य निष्पाप चेहऱ्याने म्हणून बघा! शिवाय ती सतत उभी हवी, आणि सामान चढवणाऱ्यांनी 'ही बाजू वर'चा बाण मनावर घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी आपला बर्फवाला. मधल्या विमानतळावर खोका पुन्हा काट्यावर चढला. कर्मचाऱ्याने कागद पाहिला, काटा पाहिला, मग मला पाहिलं.

"वजन कमी भरतंय. बर्फ कुठे गेला?"

"उडाला."

"कोणी उडवला?"

"आपोआप उडतो. वायू होतो."

"मग कागदावर आत्ताचं वजन लिहा. साहेबांची सही लागेल."

लिहिलं. साहेब जेवायला गेले होते. ते सावकाश आले, चष्मा लावून कागद वाचला आणि खात्री करून घ्यायला खोका स्वतः काट्यावर ठेवला.

"अहो," ते म्हणाले, "हे तर याहूनही कमी आहे."