मिडलकट व्हयो, पण खय?

सिंधुदुर्गात हायवेलगतच्या कुठल्याही तिठ्यावर संध्याकाळी जाऊन बसा. काजूच्या दरावर बोलून झालं की पुढचा विषय मिडलकट. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला, मधोमध दुभाजक आला आणि ज्याला त्याला आपल्या दारासमोर त्यात गाडी वळवायला एक खिंडार हवंसं झालं. तोच हा मिडलकट. आमच्या कट्ट्यावर परवा हाच वाद पेटला. दाजींनी एक अर्ज लिहून आणला होता. मजकूर थोडक्यात असा, की आमच्या तिठ्यावर मिडलकट द्या, नाहीतर रास्ता रोको. दाजींचं तिठ्यावर वडे-उसळीचं हॉटेल आहे, त्यामुळे अर्जातली भाषा जरा तिखटच होती.

"सगळ्यांनी सही करूची," दाजी म्हणाले. "दुभाजक इल्यापासून पलीकडचो गिऱ्हाईक तुटलो. माणूस माझो बोर्ड बघता, तेच्या तोंडाक पाणी सुटता, पण गाडी वळवूक जागा मिळता दीड किलोमीटरार. थय पोचासर तो वडो इसारता."

बापूंनी तंबाखू मळता मळता मान हलवली. बापू एसटीतून निवृत्त झालेले चालक. हा रस्ता 66 नंबरचा नव्हता, 17 नंबरचा होता, तेव्हापासून त्यांनी तो तुडवलाय.

"दाजीनू, मी सही करूचंय नाय. एसटी अकरा मीटर लांब. दुभाजक रुंद किती, चार-पाच मीटर. त्या कटात वळूक मी गाडी उभी केलंय, तर अर्धी गाडी पाठच्या बाजून फास्ट लेनमधी. मागसून शंभरच्या स्पीडान मुंबयकर इलो की काय होतला, सांगा."

"म्हणजे माझा हॉटेल बंद पडूचा?"

"वडे तुमचे बरे आसत, पण तेच्यासाठी कोण मरूचो नाय."

इथून आवाज चढले. बापूंचा भाचा पुण्याला रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो, सुट्टीवर आलेला. त्याने काठीने मातीत आमचा तिठा काढला. एरवी कुणी कट्ट्यावर शिकवायला लागलं की आम्ही उठून जातो, पण हे चित्र बघण्यासारखं होतं. साधा चौक घेतला तर गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतात अशा 32 जागा होतात. तिठ्यावर 9 होतात. दुभाजक अखंड ठेवला, डावीकडून आत यायचं नि डावीकडेच बाहेर पडायचं, तर राहतात 2. आणि मुद्दा नुसत्या आकड्याचा नाही. नवातल्या तीन जागी एक गाडी दुसरीच्या आडवी जाते. माणसं मरतात ती तिथे. बाकीच्या सहा ठिकाणी गाड्या एकाच दिशेच्या प्रवाहात मिसळतात किंवा त्यातून फुटतात, तिथे बहुतेक वेळा पत्रा चेपतो, शिव्या होतात आणि विषय संपतो.

"चौपदरी रस्त्यावर कारला ताशी 100ची मर्यादा आहे," भाचा म्हणाला. "म्हणजे सेकंदाला 28 मीटर. स्कूटर कटातून निघून पलीकडच्या दोन लेन ओलांडायला पाच सेकंद घेते. तेवढ्यात कार 140 मीटर पुढे येते. आणि शंभरच्या वेगातली गाडी ब्रेक मारून थांबायला चालकाला समोरचा 180 मीटर रस्ता दिसायला हवा, असा आपल्याकडचाच निकष आहे. तिठ्याच्या वरच्या अंगाला वळण आहे ना?"

वळण आहे. वर उतार आहे. पावसात करवंदीची जाळी वाढली की गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. हे दाजींनाही ठाऊक आहे, म्हणून ते गप्प बसले. पण बाळाला गप्प बसवणं कठीण. बाळाचं काजू-कोकमाचं दुकान दाजींच्या शेजारी.

"गणित ऱ्हवांदे. सावंतवाडीचा काय झाला ता बघा. हायवे भायरसून गेलो आणि बाजार थंड झालो. रस्तो हललो की धंदो मरता."

यावर भाच्याने अमेरिकेतला दाखला दिला. टेक्सास, आयोवा अशा राज्यांत रस्त्यामध्ये दुभाजक उभारल्यावर दुकानदारांची विचारपूस झाली. कामाआधी त्यांना जेवढी भीती होती, तेवढा फटका नंतर बहुतेकांना बसला नव्हता. दाजींनी एवढंच विचारलं, "टेक्साशीत वडे-उसळ खातत काय?" आणि कट्टा हसण्यात बुडाला.

हसणं ठीक, पण बाळाच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होती. सावंतवाडीत कट बंद झाला नाही, अख्खा हायवेच गावाबाहेरून गेला. तरी ज्याला लाकडी खेळणी घ्यायची, तो आजही वाट वाकडी करून चितारआळीत जातोच. कणकवलीत पूल डोक्यावरून गेला, खाली बाजार चालूच आहे. धंदे दोन जातीचे असतात. एक ठरवून जायचा, जसा गॅरेजवाला, दवाखाना किंवा खेळण्यांचं दुकान. तिथे गिऱ्हाईक दोन किलोमीटरचा वळसा घालतं. दुसरा जाता-जाता थांबायचा, म्हणजे चहा, शहाळं, वडा. त्याला वळसा परवडत नाही, हे दाजींचं म्हणणं खरंच आहे. पण या दुसऱ्या जातीच्या धंद्याला पलीकडचं गिऱ्हाईक मुळात किती होतं? रात्री मुंबईहून निघालेली गाडी इथे पोचते सकाळी, भुकेली, आणि ती जाते गोव्याच्या दिशेने. दाजींचं हॉटेल त्याच बाजूला. न्याहारीचं गिऱ्हाईक त्यांना आजही डाव्या हाताला मिळतं. खरी अडचण बाळाची. काजू आणि आमसुलं लोक घेतात परत जाताना, मुंबईच्या दिशेने, आणि त्याचं दुकान चुकीच्या बाजूला आहे. त्याला कट नको, पलीकडे एक गाळा हवा. मी हे बोललो तेव्हा बाळा म्हणाला, "भाडा तू भरतलंस?"

तेवढ्यात मासेवाली मावशी टोपली खाली ठेवून बसली. तिला मिडलकटचं सोयरसुतक नव्हतं.

"तुमच्या गाडयेंका वाट व्हयी, त्या कळला. पायान जाणाऱ्यान खयसून जावचा? त्या दुभाजकाची सळी कोणी कापलीहा, थयसून पोरा शाळेक जातत. डोक्यार टोपली घेवन माका वाकूक येयत काय?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. अर्जात पायी माणसाचा एक शब्दही नव्हता. बॉक्सवेल, म्हणजे हायवेखालून जायला भुयारी वाट, मागायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण अर्ज लिहिणाऱ्या सगळ्यांकडे गाड्या आहेत. मावशीने टाकलेला हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. बॉक्सवेल झाला तर स्कूटर, रिक्षा, गुरं, शाळेची पोरं सगळी त्यातूनच जातील. कट मागायचं निम्मं कारण तिथेच संपतं.

"मागा, मागा," दाजी उसळले. "पनवेल-इंदापूरचा काम 2011क सुरू झाला, आठवता मा? ह्यांच्या सर्व्हिस रोडाची वाट बघत रवलंय तर माझो नातू हॉटेल बंद करतलो. कट उद्या मिळता. दोन दगड काढले की झालो."

हा राग खोटा नाही. दुभाजक आधी आला, पलीकडे जायची वाट नंतर येणार, आणि ती 'नंतर' कधी ते कोणी सांगत नाही. अशा वेळी माणूस जे हाताशी आहे ते करतो, म्हणजे कडेकडेने उलट्या बाजूने गाडी हाकतो. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली ते सरळ धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं. कट्ट्यावर बसलेल्यांपैकी मावशी सोडून सगळेच त्यात सापडतील. वाट न देता नुसता दुभाजक बांधणं म्हणजे लोकांना रोज कायदा मोडायला लावणं. पण म्हणून त्या उतारावर खिंडार पाडायचं, हे मला पटत नाही. कट मागायचाच तर वळणापासून लांब, सपाटीवर मागावा. वळणाऱ्या गाडीला थांबायला प्रवाहाबाहेर वेगळी लेन असावी, आणि अर्धा किलोमीटर आधी पाटी असावी. सोबत इकडून तिकडे सर्व्हिस रोड, आणि तिठ्यावर बॉक्सवेल. अर्जात हे सगळं एका दमात यायला हवं. नुसता कट मिळाला, तर बाकीचं कधीच मिळणार नाही, कारण तोवर गावाची कुरकुर थांबलेली असेल.

बापू म्हणाले, "आता दाराचा बोला." आणि खरा वाद इथे सुरू झाला.

दाजींच्या हॉटेलापुढे सत्तर-ऐंशी फूट मोकळी माती आहे. गाड्या हव्या तिथून आत घुसतात, आणि निघताना रिव्हर्स मारत थेट हायवेवर येतात. बाळाचं तसंच, पुढच्या पंक्चरवाल्याचं तसंच. पाच दुकानं, पाच मोकळी दारं. भाच्याने सांगितलं की 2002च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन आणि वाहतूक) नियंत्रण कायद्याने महामार्गावर वाहनाने उतरायला परवानगी लागते. जमीन हायवेला लागून आहे म्हणून तो हक्क आपोआप येत नाही. उपाय सोपा आहे. पाचही दुकानांनी मिळून एक आत यायची आणि एक बाहेर पडायची वाट ठेवावी, पुढे कठडा घालावा, आतल्या आत गाड्या फिरतील आणि उभ्या राहतील एवढी जागा करावी. गिऱ्हाईक पाचही दुकानांसमोरून जाईल, आणि वडा खाऊन झाला की चार पावलांवर काजू.

दाजींना यातलं शेवटचं वाक्य आवडलं नाही. "म्हणजे माझा गिऱ्हाईक बाळाच्या दुकानात."

"आणि माझा तुमच्या हॉटेलात," बाळा म्हणाला.

"तुझ्याकडे येता कोण?"

अर्ज शेवटी भाच्याने नव्याने लिहिला. बॉक्सवेल पहिला, सर्व्हिस रोड दुसरा, सपाटीवरचा कट तिसरा, रास्ता रोकोची ओळ तशीच. मावशीने पहिला अंगठा दिला, बापूंनी सही केली, मीही केली. दाजींनी केली, पण एक अट घालून: दोघांच्या मधला बांबूचा कूड बाळाने स्वखर्चाने काढायचा. बाळाचं म्हणणं, कूड दाजींच्या वडलांनी घातलेला आहे, तर तो दाजींनीच काढावा. मोजणी मागवायची भाषा झाली आहे.