घडाघडा बोलतो म्हणून पोराला काही झालं नाही?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, भावकीच्या, आमच्या टॉवेलवाल्यांच्या आणि पोराच्या क्लासच्या पालकांच्या. मेसेज थोडक्यात असा, की जो मुलगा घडाघडा बोलतो, वाचतो त्याला कसली आली लर्निंग डिसेबिलिटी (म्हणजे शिकण्यातली अडचण), हे 'नॉनव्हर्बल' वगैरे अमेरिकेचं फॅड आहे, लाड केले की असं होतं, दहावीनंतर हॉस्टेलला टाका दोन महिन्यात सरळ होतो, नाहीच जमलं तर कॉम्प्युटरला घाला म्हणजे माणसांशी बोलायची गरज नाही, आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट चुकूनही काढू नका, शिक्का बसला की नोकरी गेली. खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

माझा पोरगा बारावी कॉमर्सला आहे आणि नेमका असाच आहे, त्यामुळं गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे नावातच सगळ्यांचा घोळ होतो. नॉनव्हर्बल लर्निंग डिसेबिलिटी असं पूर्ण नाव, पण त्यातलं नॉनव्हर्बल म्हणजे बोलता न येणारा नाही. उलट या पोरांचं बोलणं, वाचणं, पाठांतर चांगलं असतं, अडतं ते शब्दांच्या बाहेरचं सगळं. नकाशा, आकृती, अंतराचा अंदाज, कागदावर जागा किती सोडायची, बुटाची लेस, समोरच्याचा चेहरा, आवाजातली खोच. आमचा चौथीत पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचून दाखवायचा, पाहुणे तोंडात बोटं घालायचे, आणि आठवीत भूमितीच्या वहीत त्रिकोण काढायला बसला की अर्ध्या तासानं रडायचा. नववीत टेस्ट केली तेव्हा शब्दांच्या भागात मार्क एवढे वर आणि रंगीत ठोकळे जुळवायच्या भागात एवढे खाली, की टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी परत एकदा बेरीज तपासली. ही जी मधली दरी आहे ना, तीच बघायची असते. बोलण्यामुळं ती झाकली जाते, आणि म्हणून अशी पोरं उशिरा सापडतात.

अमेरिकेचं फॅड म्हणाल तर शब्द तिकडचाच आहे, ते कबूल. १९६७ मध्ये जॉन्सन आणि मायकलबस्ट या तिकडच्या दोन संशोधकांनी अशा मुलांबद्दल लिहिलं, पुढं कॅनडात बायरन रूर्क या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम करून १९८९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. म्हणजे हे फॅड पन्नास वर्षांहून जुनं आहे. आणि मेसेजवाल्याला माहीत नसलेली एक गोष्ट मीच त्याच्या बाजूनं सांगतो, डॉक्टर लोक जी डीएसएम-५ नावाची मानसिक आजारांची यादी वापरतात (२०१३ ची, २०२२ मध्ये सुधारलेली) त्यात हे नाव स्वतंत्र आजार म्हणून नाही. व्याख्या नेमकी काय करायची यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत, काहीजण तर नावच बदलून 'व्हिज्युअल-स्पेशिअल' (म्हणजे नजर आणि जागा यांचं) असलेलं ठेवा म्हणतात, कारण नॉनव्हर्बल म्हटलं की सगळे फसतात. पण यादीत नाव नाही म्हणून माझ्या पोराला आमच्या सोलापुरातला सात रस्ता चौक कळायला लागत नाही.

सात रस्त्याचं सांगतोच. क्लासहून येताना तिथं उतरला की आपलं तोंड नेमकं कुठं आहे हेच त्याला समजायचं नाही. सोलापुरात जन्मलेला पोरगा, घरी यायचं सोडून रंगभवनच्या दिशेनं निघायचा. मी आधी नकाशा काढून दिला, मोबाईलवर मॅप लावून दिला, काही उपयोग नाही, मॅपमधला बाण फिरला की हा पण फिरायचा. मग त्याच्या आईनं वहीत वाक्यं लिहून दिली, रिक्षातून उतरलास की आधी मेडिकलची पाटी शोध, पाटीकडं पाठ करून उभा राहा, आता उजव्या हाताचा रस्ता आपला. चार वाक्यं. तिसऱ्या दिवशी वही लागली नाही. त्याला चित्र दिलं की तो अडकतो, वाक्य दिलं की धावतो. हे आम्हाला कळायला सोळा वर्षं लागली.

लाडाबद्दल जास्त लिहीत नाही. मी त्याला भूमितीवरून मारलंय. दोनदा. त्यानं त्रिकोण सरळ आला नाही.

आता हॉस्टेल. हा सल्ला सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त लोक हाच देतात, आमच्या शेजारच्या काकांनी तर परवा गेटवरच धरलं, "अवो एवढं बोलतंय पोरगं, टाका की पुण्याला, शिकतंय आपोआप". आपोआप हाच शब्द चुकीचा आहे. बाकीची पोरं बघून बघून शिकतात, मेसमध्ये ताट कुठं ठेवायचं, सीनियर चेष्टेनं बोलला की रागानं, रूममेट नुसतं हं हं म्हणतोय म्हणजे आता गप्प बसायचं, हे कुणी शिकवत नाही. आमच्यासारख्यांच्या पोरांना हे बघून उचलता येत नाही, सांगावं लागतं आणि मग चांगलं लक्षात राहतं. कुणी म्हणालं जा मेसवाल्याला सांग भाजी खारट आहे, तर हा खरंच जाऊन सांगणार. अशा पोराला एका जूनमध्ये नवं गाव, नवी इमारत, नव्या वेळा, नवी माणसं सगळं एकदम दिलं तर दोन महिन्यात तो सरळ होत नाही, खोलीतून बाहेर पडायचा बंद होतो.

म्हणजे पाठवू नका असं नाही. आम्ही पाठवणार आहोत. पण वर्षभर आधीपासून इथं घरीच एकेक गोष्ट सुटी करून चाललीय. आधी कपडे, मग बँक आणि यूपीआय, मग एसटीचं रिझर्वेशन स्वतः करणं. प्रत्येक गोष्ट वाक्यांत लिहायची, एक काम एक पान. आठवड्याचं वेळापत्रक रंगीत तक्त्यात नाही, साध्या यादीत, कारण तक्ता म्हटलं की त्याच्या डोक्यात ओळी आणि कॉलम एकमेकांवर चढतात. दिवाळीत कॉलेज बघायला हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो तेव्हा वर्ग, लायब्ररी, संडास, मेस असं दोन-दोनदा चालून आलो आणि तो मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करत होता, "गेटमधून आत, झाडापाशी डावीकडं". वॉचमन आमच्याकडं बघत होता, बघू दे.

मुलाखतीची तयारी पण तशीच. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की पहिल्यांदा तो अकरा मिनिटं बोलला, मी घड्याळ लावून बसलेलो, त्यात सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास पण आला. आता मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावतो, तीन वाक्यं ठरलेली, आणि एक नियम, समोरच्यानं कागदाकडं बघितलं की थांबायचं.

कॉम्प्युटरला घाला म्हणणाऱ्यानं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स बघितलंय का? एखादी वस्तू वरून कशी दिसेल, बाजूनं कशी दिसेल, कापली तर कशी दिसेल, म्हणजे या पोरांना जे जमत नाही नेमकं तेच काढायचं. कोडिंग काहींना जमतं सुद्धा, ते शेवटी लिहिलेलंच असतं, पण माणसांशी बोलायचं नाही म्हणून तिकडं ढकलायचं हा हिशेब उलटा आहे. बोलणं ही त्यांची जमेची बाजू आहे हो.

माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुट्टीत त्याला पॅकिंगला बसवलं, म्हटलं सोपं काम. ३० बाय ६० चा टॉवेल चार घड्यांत कोपऱ्याला कोपरा लावून मोडायचा. एका तासात बाईंनी तीन डझन बांधले, यानं सात टॉवेल, आणि सातही तिरके. बायका हसल्या, हा पण हसला, कारण त्याला वाटलं विनोद झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसवला, पार्ट्यांचे मेल आणि फोन त्याच्याकडं. बेंगळुरूच्या एका पार्टीचं पेमेंट किती दिवस थकलंय, मागच्या वेळी ते काय म्हणाले होते, कुठल्या तारखेला, सगळं तोंडपाठ. मेल असा लिहिला की मी दोन वर्षं मागत होतो ते पैसे पंधरा दिवसात आले. तेच पोरगं, तोच कारखाना, फक्त टेबल बदललं. लॉ, भाषा, पत्रकारिता, भाषांतर, ग्राहकांशी फोनवरचं काम, असलं आधी बघावं. अर्थात प्रत्येक पोर वेगळं, आमच्यावरून तुमचं ठरवू नका.

राहिलं सर्टिफिकेट. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसेबिलिटी आहे, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सियाबरोबर (वाचण्याची अडचण) डिस्कॅल्क्युलिया (गणिताची), डिसग्राफिया (लिहिण्याची), डिसप्रॅक्सिया (हालचालींची) आणि आकलनाशी संबंधित अडचणी पण आहेत. कागदावर 'नॉनव्हर्बल' हे नाव शोधत बसू नका, तुमच्या पोराच्या तपासणीत गणिताचं किंवा लिहिण्याचं काय निघतं त्यावर कागद होतो. बोर्डाला जादा वेळ मिळतो. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत आणि त्यातला १ टक्का ज्या गटाला आहे त्यात लर्निंग डिसेबिलिटी येते. आणि ४० पेक्षा कमी असलं तरी परीक्षेतल्या सोयी नाकारता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये नीटच्या एका विद्यार्थिनीच्या केसमध्ये स्पष्ट केलंय, तिला लिहिण्याचाच त्रास होता. शिक्का कुठं बसला यात? खासगी कंपनीत कागद दाखवायचा का नाही हे पोरगा स्वतः ठरवेल, फाईल त्याच्या कपाटात आहे.

जूनला चार महिने आहेत. कपडे झाले, बँक झाली, एसटी झाली. रिक्षावाल्याशी भाव ठरवणं अजून जमत नाही, तो म्हणेल तेवढे देऊन वर थँक्यू म्हणतो.