ऑफिसचा हेडफोन: आवाजाचं नंतर बघू

"ऑफिसात गाणी ऐकायला दोन-तीन हजारांत चांगला हेडफोन सुचव ना." हा मेसेज इनबॉक्समध्ये इतक्या वेळा येतो, की आता एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही साउंड इंजिनीअर वगैरे नाही. एका सीए फर्ममध्ये दिवसभर खाती जुळवते आणि तेव्हा कानात बहुतेक वेळ काहीतरी चालू असतं, एवढीच माझी पात्रता.

माझं मत असं की ऑफिससाठी हेडफोन घेताना आवाज सगळ्यात शेवटी बघावा. आधी वजन, मग दाब, मग गादी. या तिन्हींत जो पास होईल त्याचाच आवाज ऐकायची तसदी घ्यायची.

कानसेन मंडळी यावर चिडणार हे माहीत आहे. रात्री दिवा मालवून तासभर एखादा राग ऐकायचा असेल तर त्यांचं सगळं खरं. पण ऑफिसात हेडफोन पाच-सहा तास डोक्यावर असतो. दुकानात मिनिटभर घालून "वा, काय बेस आहे!" म्हणून घेतलेला हेडफोन दुपारी चारच्या सुमारास काढून टेबलावर आपटावासा वाटतो. आवाज तेव्हाही सकाळइतकाच चांगला असतो, पण कान आणि मान दोन्ही दमलेले असतात.

वजनाचा हिशोब सोपा आहे. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० हा कानावर टेकणारा वायरलेस हेडफोन १४७ ग्रॅमचा आहे. त्याच कंपनीचा कान पूर्ण झाकणारा सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा. अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स २०२० साली आला तो ३८५ ग्रॅमच्या घरात. किमतीचं सोडा, पण तेवढं ओझं डोक्यावर घेऊन मी जीएसटीचे रिटर्न भरणार नाही. गंमत म्हणजे हा प्रश्न सोनीनेच १९७९ साली सोडवला होता. तोवरचे हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे असायचे आणि पहिल्या वॉकमनसोबत आलेला जेमतेम ५० ग्रॅमचा होता. माझी मर्यादा २०० ग्रॅम. खोक्यावर वजन छापलेलं नसलं तरी कंपनीच्या साइटवर सापडतं, तिथे बघा.

आता दाब. याबद्दल यूट्यूबवर कुणी धड बोलत नाही, कारण बोलणारे बहुतेक विशी-पंचविशीतले मुलगे असतात. चष्मा नाही, कानात काही नाही, केस बारीक कापलेले. आमच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि प्रत्येकीच्या कानात काही ना काही आहे. कुड्या असोत की साधे टॉप्स, मागे फिरकी असतेच. कानावर टेकणारा हेडफोन कान डोक्यावर दाबून धरतो, पाळी मागे ढकलली जाते आणि ती फिरकी कानामागे रुतते. पहिला अर्धा तास काही कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन काढला की तिथे लालबुंद ठिपका उठलेला असतो. झुमके असतील तर मान हलवली की गादीवर टकटक वाजतात, ते वेगळंच. आंबाडा किंवा मोठा क्लचर असेल तर वरची पट्टी हवी तिथे बसत नाही, पुढे कपाळाकडे सरकते.

चष्मेवाल्यांचं दुखणं वेगळं. कानावर टेकणारा हेडफोन कान आणि चष्म्याची काडी एकमेकांवर दाबतो. कान झाकणाऱ्यात काडीमुळे गादी डोक्याला नीट चिकटत नाही, बारीक फट राहते आणि त्या फटीतून आधी बेस निसटतो. म्हणून एकच हेडफोन एकाला "पोकळ वाजतो" आणि दुसऱ्याला "दणदणीत" वाटतो. दोघंही खरं बोलत असतात. तेव्हा बघायला जाताना रोजचा चष्मा, रोजचे कानातले आणि रोजची केशरचना घेऊन जा. निदान दहा मिनिटं डोक्यावर राहू द्या. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

नवा हेडफोन घट्ट वाटला तर लगेच परत करायला धावू नका. ऑफिसात दोन बॉक्स फाइली एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि रात्रभर हेडफोन त्यांच्यावर चढवून ठेवायचा. डोक्याएवढीच रुंदी होते. पट्टीत स्टीलची पाती असेल तर दोन-चार रात्रींत फरक पडतो. नुसतं प्लास्टिक असेल तर सांभाळून, ताणलं की तुटतं.

गादीबद्दल एवढंच सांगते की आपल्याकडच्या हवेत रेक्झिन टिकत नाही. स्वस्त हेडफोनच्या गाद्यांवर पॉलीयुरेथेनचा थर असतो. हवेतला दमटपणा आणि घाम यांनी तो आतून तुटत जातो, मग पापुद्रे सुटतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या कानाभोवती आणि शर्टाच्या कॉलरवर काळे कण दिसायचे. बरेच दिवस आम्हाला वाटलं त्याने केसांना काहीतरी लावलंय. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात तर हे ठरलेलंच. कापडी गादी मिळाली तर उत्तम. नाहीतर वरून चढवायची सुती कव्हरं मिळतात, ती आठवड्याला धुता येतात. गाद्या बदलता येतात का हेही बघा. गोल गाद्या मिलिमीटरच्या मापाने विकायला असतात, पट्टीने मोजून मागवायच्या.

आता ज्यावर माझी बहुतेकांशी भांडणं होतात तो विषय. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बोलीभाषेत एएनसी. दोन-तीन हजारांच्या बजेटमध्ये हे हवंच असा हट्ट का, मला कळत नाही. बोस या स्पीकर-हेडफोनच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली. (वडील बंगाली क्रांतिकारक, ब्रिटिशांपासून निसटून अमेरिकेत गेलेले. तीही एक वेगळी पोस्ट होईल.) विमानाचं इंजिन एका सुरात, खालच्या पट्टीत घुमत राहतं. हेडफोनमधला माइक तो आवाज टिपतो, आतलं सर्किट त्याची बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही लहरी एकमेकींना खातात. सलग, खर्जातल्या आवाजावर हे छान चालतं. माणसांचं बोलणं दर क्षणाला बदलतं आणि त्यातली व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, तिथे ही युक्ती लंगडी पडते. ऑफिसात डोकं कशाने उठतं? एसीच्या घरघरीने फारसं नाही. शेजारच्या टेबलावर "अहो मॅडम, ओटीपी आला का? नाही आला? परत पाठवतो" हे दहाव्यांदा ऐकून उठतं. स्वस्त एएनसी लावलं की एसीची घरघर जाते आणि तो ओटीपी आणखी स्वच्छ ऐकू येतो!

बोलणं अडवायचं असेल तर कान नीट बंद होणं महत्त्वाचं. ते काम चांगली बसलेली गादी किंवा कानात बसणाऱ्या इअरफोनचं रबर करतं, तेही विजेशिवाय. इअरफोनसोबत लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची रबरं येतात. बहुतेक लोक खोक्यातून निघालेलं मधलं माप तसंच वापरतात आणि बेस नाही म्हणून कुरकुरतात. डाव्या-उजव्या कानाचं मापही वेगळं असू शकतं. पण दिवसभर कानात बोळा घालून बसायला माझा विरोध आहे. पावसाळ्यात कानात बुरशी धरल्याच्या तक्रारी घेऊन किती लोक येतात हे कुठल्याही कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना विचारा. दमट, बंद कान तिला आयताच मिळतो.

उलट, मला स्वतःला पूर्ण बंद हेडफोन ऑफिसात नकोच असतो. आमच्याकडे कुणी ईमेल करून बोलावत नाही. साहेब केबिनमधून हाक मारतात, शिपाईकाका चहाचा कप टेबलावर ठेवून पुढे जातात आणि हाकेला उत्तर आलं नाही की मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारतं. ती थाप बसली की मी खुर्चीतून फूटभर उडते. म्हणून पाठीमागून उघडे (म्हणजे कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू बंद नसलेले) किंवा अर्धवट बंद हेडफोन मला सोयीचे वाटतात. गाणंही ऐकू येतं आणि हाकही. शिवाय कान घामेजत नाहीत. तोटा एकच, आवाज बाहेर जातो. मोठ्याने ऐकायची सवय असेल तर शेजारच्याला दिवसभर नुसतं छिक्-छिक् ऐकू येईल, आणि तो तुमचा शत्रू होईल.

आवाजाचा मुद्दा आलाच आहे तर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत जे मानक काढलं, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी मर्यादा आहे. ४० तास म्हणजे आपला ऑफिसचा आठवडाच झाला. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. म्हणून जिथे खरोखर गोंगाट आहे, खाली जनरेटर किंवा शेजारी प्रेस चालते, तिथे उघडा हेडफोन घेऊ नका. आजूबाजूच्या आवाजावर मात करायला तुम्ही नकळत आवाज वाढवत जाल. तिथे बंदच हवा.

आणि मग बेस. देशी ब्रँडांनी स्वस्तात हेडफोन घरोघरी पोचवले, हे मान्य. पण त्यातले बरेच बेस इतका फुगवतात की शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याचे हाल होतात. डग्गा घुमत राहतो, तानपुरा चिखलात रुतल्यासारखा वाटतो आणि गायक दाराबाहेर उभं राहून गातोय असं होतं. दिवसभर ऐकायचं तर थोडा कमी बेस परवडला. खोक्यावरचं "२० ते २०,००० हर्ट्झ" वाचून भुलू नका, ते सगळ्याच खोक्यांवर असतं. पारखायचं असेल तर ओळखीच्या बाईच्या आवाजातलं एखादं जुनं भावगीत लावा आणि "स", "श" कानाला टोचतात का ते बघा. टोचले तर तो हेडफोन दुपारपर्यंत डोकं दुखवणार.

काय ऐकावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आकड्यांचं काम करताना मी शब्दांची गाणी बंद करते. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पडद्यावर दाखवलेले आकडे ओळीने लक्षात ठेवायचे होते. मागे गायलेलं गाणं असलं की नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त घोटाळे झाले. लेजर जुळवताना सतार-संतूर, व्हाउचर लावताना काहीही.

वायर की ब्लूटूथ? माझं मत वायरला. चार्जिंग नाही, जोडणीची कटकट नाही. ब्लूटूथची एक खोड लोकांना माहीत नसते. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली आणि हेडफोनचाच माइक वापरला, की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. साध्या ब्लूटूथला चांगला स्टिरिओ आणि माइक एकाच वेळी झेपत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज परत सुधारतो. वायरवाल्यांनी लांबी बघावी. सीपीयू टेबलाखाली असेल तर सव्वा मीटरची वायर अपुरी पडते आणि उठताना हेडफोन मानेसकट खेचला जातो.

वायर तुटते, हे खरं. बहुतेक वेळा पिनेच्या बुडाशी तुटते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीकडे दुरुस्ती करणारे भेटतात. बघण्यासारखं काम असतं ते. आतल्या तारा केसाएवढ्या, लाल, हिरवी आणि तांब्याच्या रंगाची. तो रंग म्हणजे खरं तर तारेवरचा लाखेसारखा लेप, त्यामुळे नुसती सोल्डर लावली तर चिकटत नाही. कारागीर आधी तापलेल्या टोकाने तो लेप जाळतो, बारीकसा धूर निघतो, मग तारा पिनेला बसतात. घरी हा उद्योग करणारे इथेच फसतात.

आता नावं हवीच असतील तर घ्या. हजाराच्या आसपास सोनीचा एमडीआर-झेडएक्स११०: वायरचा, हलका, घडी होणारा, पण कानावर टेकतो, तेव्हा कुड्यावाल्यांनी जपून. वायरलेसच हवा असेल तर वर सांगितलेला सीएच५२०. तो तीन हजारांच्या वर जातो, पण सेलमध्ये उतरतो. आणि माझा लाडका, कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात बनतोय, फोमच्या गाद्या, पाठीमागून उघडा, दिसायला आजोबांच्या कपाटातला. कानांऐवजी थोडा दाब कानशिलांवर घ्यायची सोय त्यात आहे. अमेरिकेत ५० डॉलरच्या आसपास मिळतो, इथे आयात होऊन महाग पडतो. दिवाळीत कुणाचा भाचा-पुतण्या तिकडून येणार असेल तर चॉकलेटांऐवजी हा मागवा.

ऑनलाइन घेताना पैसे परत मिळणार की फक्त वस्तू बदलून मिळणार, हे आधी वाचा. हेडफोनच्या बाबतीत अनेकदा नुसतं बदलूनच मिळतं. आणि दाब-गादीचं पक्कं ठरेपर्यंत खोकं टाकू नका. आमच्याकडे ते पहिल्याच संध्याकाळी शाळेच्या प्रोजेक्टसाठी कापलं जातं.