साडेचार इंच

गाडी पडली नाही. गाडी झोपली. या दोन्हींत फरक आहे आणि तो मी गेले चार दिवस घरी, ऑफिसात आणि शोरूमच्या फोनवर समजावून सांगतो आहे. पडायला वेग लागतो. माझा वेग शून्य होता, सिग्नल लाल होता, आणि ती डाव्या अंगाला इतक्या सावकाश कलंडत गेली, की मधल्या वेळात मला दोनदा "नको, नको" म्हणता आलं. डावी पोटरी अजून जांभळी आहे. बाकीचं जे जांभळं आहे ते दाखवता येत नाही.

मूळ दोष शिंप्याच्या वहीत आहे. तिथे माझ्या नावापुढे पायाची आतली लांबी २८ इंच लिहिलेली आहे. आणि मला हवी असलेली मोटारसायकल ॲडव्हेंचर जातीची, म्हणजे दगडधोंड्यांच्या वाटांसाठी उंच बांधलेली. या जातीच्या गाड्यांची सीट ८२५ मिलिमीटरच्या आगेमागे असते. म्हणजे साडेबत्तीस इंच. उरले साडेचार. बसल्यावर स्प्रिंग दबते, त्यात इंचभर सुटतो. बुटाचा तळवा अर्धा-पाऊण इंच भरून काढतो. बाकीचा हिशोब चवड्यांनी करायचा.

शोरूम कुठलं ते सांगत नाही. मेट्रोच्या खांबाच्या सावलीत आहे एवढं पुरे, नागपुरातली निम्मी दुकानं आता त्याच सावलीत असतात. आत शिरलो तर विक्रीवाल्या पोराने पहिला प्रश्न टाकला, "सर, मुलासाठी बघताय?"

माझं वय सेहेचाळीस.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"ओके सर," म्हणत त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पायांकडे. मग मला हाताला धरल्यासारखं दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन एक बुटकी, जाडगेली, आरामखुर्चीसारखी गाडी दाखवली. "ही बघा सर, लो हाइट. आणि ३५० सीसीच्या आत आहे, जीएसटी पण कमी."

इथे त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा, सेस धरून ३१ पडायचा तो, ४० झाला. रेषा ३५० वर आखलेली, माझा जीव चारशेच्या पुढे अडकलेला. चाळीस टक्के हा चैनीच्या आणि व्यसनाच्या वस्तूंचा दर. अख्खं आयुष्य सेकंडहँड स्कूटरवर आणि वांग्याच्या भाजीवर काढलेला माणूस मी, सरकारदरबारी चैनीत जमा झालो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "कोणीतरी तुमच्याबद्दल चांगलं बोलतंय, ऐकून घ्या."

असो. लायसन्सची झेरॉक्स दिली, बारीक अक्षरांच्या कागदावर सही केली (वाचायला हवा होता), आणि पोरगा स्कूटरवर पुढे, मी मागे, असे निघालो.

पहिली दहा मिनिटं मी कोणाला देणार नाही. खामल्याच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, ज्याने माझ्या स्कूटरचे दोन शॉकअप खाल्ले आणि माझ्या कमरेतला एक मणका. त्यावरून ही गेली तेव्हा गतिरोधक होता एवढं नुसतं समजलं. कमरेला समजलं नाही. मी पुढून वळून आलो आणि त्याच्यावरून पुन्हा एकदा गेलो. हँडल रुंद, नजर उंच, मोटारींच्या टपावरून पलीकडचं दिसत होतं. छप्पर नसलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला असंच वाटत असावं. ऑटोवाल्याने मला बाजू दिली. नागपुरात. ऑटोवाल्याने.

मग प्रतापनगरकडे सिग्नल लागला. पोरगा स्कूटरवर निघून गेला, मी लालात अडकलो. डावा पाय खाली सोडला. आता आपल्याकडे सिमेंटचा रस्ता संपतो आणि कडेचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, सुरू होतात, त्यांच्या मध्ये चार बोटांची पायरी राहते. रस्ता वर, गट्टू खाली. कंत्राटदार वेगळा, महिना वेगळा, पातळी वेगळी. पावसाळ्यात लोकांच्या अंगणात पाणी शिरतं ते याच हिशोबाने, रस्ता घरापेक्षा उंच. माझा चवडा जिथे जमीन असायला हवी तिथे गेला. जमीन तिथे नव्हती. चार बोटं खाली होती.

दोनशे किलोच्या आसपासची गाडी एका ठरावीक कोनापर्यंत आपली असते. त्यापुढे ती पृथ्वीची.

समोरच पानठेला होता. ठेल्याच्या बाकावर एक काका, पांढरा पायजमा, गळ्यात गमछा, हातात खर्र्याची पन्नी. ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातांवर घासत राहायचं, याला खर्रा घोटणं म्हणतात. या कामात माणसाचे दोन्ही हात अडकतात आणि तोंड पूर्ण मोकळं असतं.

"पडली का जी?" काकांनी घोटता घोटता विचारलं.

मी गाडीखालून पाय काढत होतो. "हो."

"उचलू नका. आधी चाबी बंद करा. पेट्रोल सांडून राह्यलं."

मी चावी बंद केली.

"आता तुमचा पाय पाहा."

मी पाय पाहिला.

"मोडला नाही. मोडला असता त तुम्ही असे पाहिलंच नसतं." पन्नी उलटी झाली, दुसऱ्या बाजूने घासणं सुरू. "नवी दिसते."

"टेस्ट राइडची आहे."

काकांचा हात पहिल्यांदा थांबला. "म्हंजे तुमची नाही?"

"नाही."

"लोकाची हाय?"

"शोरूमची."

"अरे बापा." आणि त्यांनी ठेलेवाल्याला हाक मारून सांगितलं, "लोकाची पाडली." ठेलेवाल्याने चुन्याचं बोट पुसत बाहेर डोकावून खात्री करून घेतली.

आता अशी गाडी उचलायची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. मी व्हिडिओत वीसेक वेळा पाहिली होती. गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवायचं, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागचा दांडा धरायचा, आणि पायांच्या जोराने उलटं चालत जायचं. पाठीवर भार येत नाही. व्हिडिओत एक सडपातळ बाई पावणेतीनशे किलोची गाडी अशी हसत हसत उभी करते. मी वळलो, बूड टेकवलं.

"पाठ काहून केली जी? रुसले का गाडीवर?"

"अशीच उचलतात, काका."

"म्हैस बसली का तिच्याकडे पाठ करून राह्यते का कोणी? शेपटी पिळा लागते."

गाडीला शेपटी नव्हती. मी जोर लावला. बूट सिमेंटवरून सरकला आणि मी गाडीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून, अलगद खाली बसलो. पाहणाऱ्याला वाटलं असेल, दमलेला माणूस सोफ्यावर विसावलाय. सिग्नल हिरवा झाला होता. मागचे लोक हॉर्न वाजवत दोन्ही बाजूंनी जात होते. एकाने जाता जाता अंगठा दाखवला, तो कशासाठी हे अजून समजलेलं नाही.

"कितीची हाय?" काका.

"ऑनरोड साडेतीन-पावणेचारच्या घरात."

"लाख?" खर्रा थांबला. "अन् किती देते?"

"तीसच्या आसपास."

"माझी लुना साठ द्यायची. पडली त एका हातानं उचलत होतो. दुसऱ्या हातात खर्रा." पन्नी पुन्हा सुरू. लुनावर मी काय बोलणार? १९७२ मध्ये आलेली, पन्नास सीसीची. वडील माझ्यासकट गव्हाचं पोतं तिच्यावर न्यायचे. पण अशा वेळी लुना काढणं हा शुद्ध दुष्टपणा आहे.

"एवढी उंच कायले केली?"

मी समजावलं. बसल्या बसल्याच. दगडधोंड्यांतून न्यायची म्हणून पोट जमिनीपासून वर ठेवतात, खड्ड्यात चाक खोल जावं म्हणून स्प्रिंग लांब ठेवतात, पुढचं चाक एकवीस इंची, अडथळ्यावर चढायला सोपं.

"दगडं कुठी हायेत इथं?"

मी काही न बोलता सिमेंट आणि गट्टूंमधल्या पायरीकडे बोट दाखवलं. काकांनी मान हलवली. हा माझा त्या दिवसातला एकमेव विजय.

"मंग लदाखले जाऊन राह्यले का?"

"नाही हो."

"मंग कुठी?"

आता इथे मला सांगायचं होतं, की डकार रॅली ही वाळवंटातली शर्यत १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली तेव्हा माणसं सहारा ओलांडत होती, १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली आणि ही जात जन्माला आली, २०१५ मध्ये आपल्या सी. एस. संतोषने ती रॅली पुरी केली, असं करणारा तो पहिला भारतीय. हे सगळं मला पाठ आहे. पण प्रश्न माझा होता. मी कुठे जाणार? तोंडातून निघालं, "चिखलदऱ्याला. कधीमधी."

काकांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "चिखलदऱ्याले एसटी जाते."

याला उत्तर नाही. मी चार दिवस शोधतोय. एसटी जाते, हे खरं आहे. आणि मी दुचाकीवर जायचं म्हटलं तर जाणार कुठून? आमच्या दारातून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग काढला. त्यावर दुचाकी चालत नाही. मोटारी तिथे एकशेवीसने जातात, सुरक्षेचं कारण आहे, मला पटतं. पण टोल भरायला तयार असलेल्या माणसाला रस्ता नाही, त्याने जुन्या रस्त्याने ट्रकांच्या मागे धूर खात जायचं आणि कर मात्र चैनीचा, चाळीस टक्के. ही चैन कुठे करायची तेवढं कोणी सांगावं. ट्यूशनच्या गल्लीत?

ट्यूशनच्या गल्लीतूनच दोन पोट्टे आले. पाठीला दप्तरं, ओठांवर नुकती लव. एकाने हँडल धरलं, एकाने मागचा दांडा. "अंकल, साइड व्हा." मी साइड झालो. गाडी उभी राहिली. पाठ वगैरे काही केली नाही त्यांनी, सरळ तोंड करूनच उचलली.

"पाह्यलं?" काका मला म्हणाले, जणू हे त्यांनीच शिकवलं होतं. नेमका तेव्हाच खर्रा घोटून झाला. पन्नी सोडून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "घ्या थोडा. घबराट जाते." मी खात नाही. त्या क्षणी मात्र हात अर्धा पुढे गेला होता.

विक्रीवाला पोरगा परत आला. आल्याआल्या त्याने खिशातून फोन काढून फोटो घेतले. गाडीचे. क्लचचा लिव्हर वाकला होता, हँडगार्ड खरचटला होता. माझ्या पोटरीचा फोटो कोणी घेतला नाही. लिव्हरचे पैसे मी भरले, बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. संध्याकाळी फोन आला, गोड आवाजाच्या मुलीचा. "सर, टेस्ट राइडचा अनुभव कसा होता? पाचपैकी किती गुण द्याल?" मी म्हटलं, पहिल्या दहा मिनिटांना पाच. ती म्हणाली, "सर, एकच आकडा सांगायचा असतो."

तर घ्यायची की नाही? अजून ठरलेलं नाही, आणि हे मी लाजून सांगत नाही. बुटकी घेण्याचा प्रश्न नाही, मला आरामखुर्चीत बसायला अजून बारा वर्षं आहेत. मेकॅनिक म्हणतो, मागच्या स्प्रिंगची लिंक बदलून गाडी इंचभर खाली आणून देतो. म्हणजे पोट खाली येणार, दगड लागणार. पैसे देऊन उंची विकत घ्यायची आणि वर पैसे देऊन ती कापून घ्यायची. मुलगा म्हणतो, "घ्या ना बाबा, मी चालवीन." तो पाच फूट दहा आहे, आईच्या घराण्यावर गेला. बायको म्हणते, "घ्या. मला मागे चढायला स्टूल लागेल, ते कुठे बांधायचं तेवढं बघून ठेवा." तरी रोज रात्री डोळे मिटले की तो खामल्याचा गतिरोधक येतो, आणि कमरेला समजत नाही.

काल स्कूटरवरून त्याच रस्त्याने जात होतो. सिग्नल लागला. दोन्ही पाय पूर्ण टेकलेले, गट्टूंवरसुद्धा. काका त्याच बाकावर, नवी पन्नी, शेजारी नवा श्रोता.

"पाचशे किलोची गाडी! धा लाखाची! लदाखले निघाला होता माणूस. अशी आपटली का रस्ता हालला. मी सांगितलं म्हणून उचलली, नाही त तिथंच बसला असता."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तो मीच."

काकांनी घोटणं थांबवलं. मला चपलेपासून हेल्मेटपर्यंत नीट न्याहाळलं.

"नाही जी," ते म्हणाले, "तो तुमच्यापेक्षा उंच होता."