स्मोल्ट्झ गेला हे खरं, पण 1987 ची डिव्हिजन अलेक्झांडरमुळेच आली

जुलै संपत आला आणि मेजर लीग बेसबॉलमध्ये ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत जवळ आली, की एक दावा दरवर्षी हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय असा: ऑगस्ट 1987 मध्ये डेट्रॉइट टायगर्सने जॉन स्मोल्ट्झसारखा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) अटलांटा ब्रेव्हजला देऊन टाकला आणि बदल्यात 36 वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. बेसबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट सौदा. पिचर पाच दिवसांतून एकदा मैदानात उतरतो, त्याच्या एकट्याने डिव्हिजनची (लीगमधल्या गटाची) शर्यत फिरत नाही. टोरंटो ब्लू जेज शेवटच्या आठवड्यात आपल्याच पायांनी कोसळले. आणि एवढं करून डेट्रॉइटला मिळालं काय, तर मिनेसोटाकडून पराभव.

दरवर्षी एखादा संघ मोठ्या पिचरसाठी आपली तरुण पोरं द्यायला निघाला, की त्याला गप्प करण्यासाठी हेच उदाहरण तोंडावर मारलं जातं. म्हणून ते नीट तपासायला हवं. माझ्या मते त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग चुकीचा आहे. एक भाग बरोबर आहे, त्याकडेही येतो.

आधी त्या वर्षीची व्यवस्था लक्षात घेऊ. 1987 मध्ये मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या फक्त दोन डिव्हिजन होत्या, ईस्ट आणि वेस्ट. वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकताही पुढे जाण्याची सोय, नव्हतं. डिव्हिजनमध्ये पहिला आलेला संघ पुढे जायचा आणि दुसरा घरी. वर्षभर 162 सामने खेळून दुसऱ्या क्रमांकाची किंमत शून्य. त्या वर्षी ईस्टमध्ये डेट्रॉइटने 98 सामने जिंकले, टोरंटोने 96. वेस्टमध्ये मिनेसोटा ट्विन्स अवघ्या 85 विजयांवर पहिले आले. म्हणजे 96 विजयांचा संघ घरी बसला आणि 85 विजयांचा संघ थेट वर्ल्ड सीरिज (अंतिम फेरी) जिंकून आला. अशा व्यवस्थेत एकेका सामन्याचं मोल काय होतं, ते यावरून कळावं.

आता पहिला मुद्दा: “पिचर पाच दिवसांतून एकदाच येतो.” येतो हे खरं, पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी सामना जवळजवळ त्याच्याच हातात असतो. क्रिकेट पाहत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन पटत नाही, कारण आपल्याकडे कितीही मोठा बोलर असला तरी दुसऱ्या टोकाने कुणीतरी षटकं टाकतंच. बेसबॉलमध्ये दुसरं टोकच नाही. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) मैदानात असेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो. उत्तमातला उत्तम बॅटरसुद्धा एका सामन्यात चार-पाच वेळा बॅटिंगला येतो. चांगला स्टार्टर मात्र समोरच्या संघाच्या बॅटरना तीसेक वेळा एकटा तोंड देतो.

अलेक्झांडरने डेट्रॉइटकडून 11 सामन्यांत सुरुवात केली आणि त्यांत 88⅓ इनिंग टाकल्या, म्हणजे प्रत्येक वेळी नऊपैकी सरासरी आठ. ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, 1.53. आणि 1987 हे होम रन्सच्या (क्रिकेटच्या षटकारासारख्या, थेट सीमेपार फटक्यांच्या) पावसाचं वर्ष होतं, लीगची सरासरी साडेचारच्या आसपास होती. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लागतो; त्याच्या नावावर 9 विजय आणि शून्य पराभव लागले. उरलेल्या दोन सामन्यांचा निकाल त्याच्या खात्यात गेला नाही, पण तेही डेट्रॉइटनेच जिंकले. अकरापैकी अकरा.

हे आकडे हंगामाच्या हिशोबात टाकून पाहू. डेट्रॉइटच्या 98 विजय आणि 64 पराभवांतून हे 11 सामने काढले, तर उरतात 87 विजय आणि 64 पराभव. त्या गतीने हेच 11 सामने दुसऱ्या कुणी सुरू केले असते, तर संघ त्यातले सहा-साडेसहा जिंकला असता. यावर कुणी म्हणेल, की डेट्रॉइटची हंगामाची सुरुवातच वाईट होती, पहिल्या तीस सामन्यांत 11 विजय आणि 19 पराभव, त्यामुळे सरासरी उगाच खाली दिसते. रास्त आक्षेप आहे. ते तीस सामनेही काढून टाका. मग उरतात 76 विजय आणि 45 पराभव. हा फार चांगला संघ झाला, पण याही गतीने 11 सामन्यांत सातच्या आसपास विजय येतात. म्हणजे कसंही मोजलं तरी चार विजयांचा फरक. डिव्हिजनचा निकाल लागला दोन सामन्यांनी.

या अकरा विजयांचं सगळं श्रेय पिचरचं नाही, हे मान्यच आहे. त्या वर्षी डेट्रॉइटने 225 होम रन्स मारले, सर्व संघांत सर्वांत जास्त. ॲलन ट्रॅमेल .343 च्या उत्तम सरासरीने खेळत होता. पण धावा करणारा संघ आधीपासून होता. कमी होती ती पिचिंगमध्ये. जॅक मॉरिस, वॉल्ट टेरेल आणि फ्रँक टनाना यांच्या मागे विश्वासाने उभं करावं असं कुणी नव्हतं, डॅन पेट्रीची जुनी लय गेली होती. जनरल मॅनेजर बिल लाजोई यांनी नेमकी तीच जागा भरली. आणि “म्हातारा, संपलेला” हे विशेषणही मला खटकतं. अटलांटाकडे त्याचे 5 विजय आणि 10 पराभव होते खरे, पण तो अटलांटाचा संघच 92 सामने हरला. अलेक्झांडर वेगाच्या जोरावर खेळणारा नव्हताच. वेग बदलत, प्लेटचे (बॅटरजवळच्या पाट्याचे) कोपरे साधत, बॅटरला अर्धा क्षण चुकवणारा पिचर होता तो, आणि ही कला वयाबरोबर तितकीशी झिजत नाही. फक्त 11 सामन्यांच्या बळावर तो त्या वर्षीच्या साय यंग पुरस्काराच्या (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरच्या) मतदानात चौथा आला.

मोठा पिचर घेतला की डिव्हिजन खिशात, असं मात्र मी म्हणत नाही. 2014 मध्ये ओकलंडने योएनिस सेस्पेडेस देऊन जॉन लेस्टर घेतला. लेस्टरने 2.35 चा ईआरए राखला, तरी बॅटिंग आटली आणि त्याच डिव्हिजनमधले एंजल्स दहा सामने पुढे निघून गेले. 2021 मध्ये डॉजर्सनी मॅक्स शर्झर घेतला, त्याने सुरू केलेले सर्व 11 सामने जिंकले, एकूण 106 विजय मिळवले, आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी 107 जिंकून डिव्हिजन नेली. म्हणजे अकरापैकी अकरा जिंकूनही शर्यत हरता येते. उलट 1984 मध्ये रिक सटक्लिफ जूनमध्ये शिकागो कब्जकडे आला, 16 जिंकला आणि 1 हरला, आणि 1945 नंतर प्रथमच कब्ज पोस्ट-सीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) पोचले. पिचर आपल्या दिवसाचा सामना बदलू शकतो. तेवढ्याने शर्यत फिरते का, हे प्रतिस्पर्धी किती जवळ आहे आणि बाकीचे चार दिवस संघ काय करतो, यावर ठरतं. 1987 मध्ये प्रतिस्पर्धी अगदी जवळ होता.

तिथूनच दुसऱ्या मुद्द्याकडे येतो: “टोरंटो आपणहून कोसळलं.” हा मला सर्वांत जास्त चुकीचा वाटतो, कारण तो सांगणारे त्या शेवटच्या दहा दिवसांत पिचिंग कोण करत होतं हे बघतच नाहीत.

24 सप्टेंबरला डेट्रॉइटचा संघ चार सामन्यांसाठी टोरंटोत आला. पहिले तिन्ही सामने ब्लू जेजनी एकेका धावेने जिंकले. आघाडी साडेतीन सामन्यांची झाली (प्रत्येक विजय किंवा पराभव ही आघाडी अर्ध्या सामन्याने बदलतो) आणि हंगाम एका आठवड्यावर आला. चौथाही गेला असता तर आघाडी साडेचारची झाली असती आणि विषय तिथेच संपला असता. रविवारी, 27 सप्टेंबरला, अलेक्झांडर उभा राहिला. त्याने दहा इनिंगहून जास्त पिचिंग केलं. टोरंटो पुढे होतं, पण त्याने धावा इतक्या रोखून धरल्या होत्या की नवव्या इनिंगमध्ये डेट्रॉइटच्या कर्क गिब्सनच्या एका होम रनने, तोही टोरंटोच्या टॉम हेंकीसारख्या क्लोझरविरुद्ध (सामना संपवायला आणतात तो पिचर), बरोबरी झाली. तेराव्या इनिंगमध्ये गिब्सननेच विजयी धाव आणली. 3-2.

त्यानंतर मिलवॉकीने टोरंटोला त्यांच्याच मैदानावर तीनदा हरवलं. शेवटच्या तीन सामन्यांसाठी ब्लू जेज डेट्रॉइटला आले तेव्हा ते एका सामन्याने पुढे होते. शुक्रवारी, 2 ऑक्टोबरला, पुन्हा अलेक्झांडर. डेट्रॉइट 4-3 ने जिंकलं, दोघे बरोबरीत आले. शनिवारी बारा इनिंगनंतर 3-2. रविवारी टनानाने टोरंटोला एकही धाव करू दिली नाही, लॅरी हर्नडनच्या होम रनवर 1-0. डिव्हिजन डेट्रॉइटची.

आता अलेक्झांडरच्या फक्त त्या दोन सामन्यांचे निकाल उलटे करून बघा. एक उलटा झाला, तर दोन्ही संघ 97 वर बरोबरीत. दोन्ही उलटे झाले, तर टोरंटो 98 आणि डेट्रॉइट 96. बाकी सगळं तसंच ठेवून. समोरासमोरच्या सामन्यात एक विजय म्हणजे स्वतःची एक पायरी वर आणि प्रतिस्पर्ध्याची एक खाली. म्हणून अलेक्झांडर टोरंटोविरुद्ध दोनदा उभा राहिला याचं वजन इतर नऊ सामन्यांहून जास्त आहे.

टोरंटोचं दुर्दैव मी नाकारत नाही. टोरंटोतल्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटच्या बिल मॅडलॉकच्या स्लाइडमध्ये शॉर्टस्टॉप टोनी फर्नांडेझचं कोपर मोडलं. मिलवॉकीविरुद्ध कॅचर अर्नी व्हिटच्या बरगड्यांना इजा झाली. जॉर्ज बेल वर्षभर तळपला, 47 होम रन्स मारले, एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला, पण त्या आठवड्यात त्याची बॅट गप्प होती. त्या ब्लू जेजबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, तो संघ फार चांगला होता. पण त्यांनी शेवटचे सातही सामने गमावले, आणि त्यातला पहिला आणि पाचवा अलेक्झांडरने सुरू केलेला होता. याला आपणहून कोसळणं म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा स्मोल्ट्झचा, आणि दाव्यातला खरा भाग इथेच आहे. 213 विजय, 154 सेव्ह्ज (आघाडी राखून संपवलेले सामने), 1996 चा साय यंग, 1995 ची वर्ल्ड सीरिज, 2015 मध्ये हॉल ऑफ फेम. त्यात तो मिशिगनचाच, लान्सिंगमध्ये वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा चाहता. डेट्रॉइटच्या लोकांना हे आजही सलतं आणि सलणं बरोबर आहे. किंमत मोठी होती.

पण “स्मोल्ट्झसारखा पिचर दिला” असं म्हणताना आपण 2015 चा स्मोल्ट्झ 1987 मध्ये नेऊन बसवतो. लाजोईंनी दिला तो 20 वर्षांचा मुलगा ड्राफ्टच्या बाविसाव्या फेरीत निवडलेला होता आणि मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या डबल-ए ग्लेन्स फॉल्समध्ये 4 विजय, 10 पराभव आणि 5.68 ईआरएवर अडकला होता. पुढच्या वर्षी अटलांटाकडून वर आला तेव्हाही 2 विजय, 7 पराभव. 1991 च्या पूर्वार्धात 2 विजय आणि 11 पराभव असतानाही अटलांटाने त्याला रोटेशनमधून (स्टार्टरांच्या आळीपाळीच्या क्रमातून) काढलं नाही, आणि उत्तरार्धात तो 12 जिंकला आणि 2 हरला. त्या काळात अटलांटाकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून एवढा धीर धरता आला. दरवर्षी डिव्हिजनसाठी झुंजणाऱ्या डेट्रॉइटमध्ये त्याला ती सवड मिळाली असती, असं धरून चालणं मला धाडसाचं वाटतं.

आणि एक गोष्ट या चर्चेत कुणीच काढत नाही. 1983 पासून अलेक्झांडर टोरंटोकडेच होता. 1985 मध्ये ब्लू जेजनी पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली, तेव्हा निर्णायक सामन्यातला विजयी पिचर तोच. जुलै 1986 मध्ये टोरंटोने त्याला अटलांटाला दिलं आणि ड्वेन वॉर्ड नावाचा तरुण पिचर घेतला. वॉर्डने 1993 मध्ये 45 सेव्ह्ज केले, 1992 आणि 1993 च्या दोन्ही वर्ल्ड सीरिज विजयांत त्याचा मोठा वाटा होता. म्हणजे अटलांटानेही याच अलेक्झांडरसाठी एक मोलाचा तरुण पिचर घालवला होता आणि बदल्यात त्यांना डिव्हिजनही मिळाली नव्हती. त्या सौद्याबद्दल कुणी अटलांटाला मूर्ख म्हणत नाही, कारण स्मोल्ट्झने ते सगळं झाकून टाकलं.

राहिला शेवटचा मुद्दा: “मिळालं काय?” लीग चॅम्पियनशिपमध्ये (वर्ल्ड सीरिजआधीच्या फेरीत) मिनेसोटाने डेट्रॉइटला 4-1 ने हरवलं आणि अलेक्झांडर दोन्ही सामने हरला, वाईट पद्धतीने हरला. पुढच्या वर्षी तो 14 जिंकला आणि 11 हरला, 1989 मध्ये 18 हरून निवृत्त झाला. यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याला ज्या कामासाठी आणलं होतं ते ऑगस्ट आणि सप्टेंबरचं होतं, आणि ते त्याने पूर्ण केलं.

ट्रॅमेल आणि लू व्हिटेकर 1977 पासून खेळत होते. लान्स पॅरिश आधीच निघून गेला होता, तो हंगाम संपल्यावर गिब्सनही गेला. ती पिढी आणखी एकदा जिंकायची असेल तर तेव्हाच, हे लाजोईंना दिसत होतं. 1988 मध्ये डेट्रॉइट एका सामन्याने मागे राहिलं, 1989 मध्ये 103 सामने हरलं. त्यानंतर टायगर्स पोस्ट-सीझनमध्ये पोचले ते थेट 2006 मध्ये, 19 वर्षांनी. ट्रॅमेल, व्हिटेकर आणि मॉरिस यांना डेट्रॉइटकडून 1984 नंतर पोस्ट-सीझनचे एवढे पाचच सामने खेळायला मिळाले.