बिफोर फोटो कुठाय?

शुक्रवारी मी आणि आमचे ऑफिसातले मामा, आम्ही दोघांनी एक चांगला चालता प्रिंटर उचलून दोन जिने वर नेला, फक्त त्याचा फोटो काढायला. कंबर अजून धरलीये, हे आडवं पडून टाइप करतोय.

मी चाकणला एका कंपनीत डिस्पॅच बघतो. माल खाली, गाड्या खाली, ड्रायव्हर खाली, आणि इनव्हॉइस छापणारा प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्समध्ये. का? तर आधीपासून तिथेच आहे. अकाउंट्सवाल्यांनाही त्याची खरखर नकोच होती, म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी मी तो गुपचूप खाली आणला. सगळे खूश. इथेच गप्प बसायला हवं होतं. पण दर महिन्याला प्रत्येकाने एक कायझेन, म्हणजे जपानी पद्धतीची कामातली छोटी सुधारणा, द्यायचंच असा फतवा आहे, अप्रेझलला मार्क असतात, म्हटलं आयतंच आहे, देऊन टाकू.

कायझेनचा कोऑर्डिनेटर म्हणजे चोवीस-पंचवीसचा पोरगा, अतिशय नम्र. खाली येऊन प्रिंटरचा फोटो काढला आणि म्हणाला, "सर, हा आफ्टर झाला. बिफोर?"

"बिफोर कसला? तेव्हा वर होता."

"पण वर होता याला पुरावा?"

"अरे तूच यायचास ना वर प्रिंट घ्यायला!"

"मी मानतो सर. पण शीटमध्ये डावीकडचा चौकोन रिकामा राहतोय."

"मग लिही तिथे, वर होता म्हणून."

"लिहिता येत नाही सर, तिथे फोटोच बसतो. एक्सेल लॉक आहे."

"दुसऱ्या कुठल्यातरी प्रिंटरचा टाक."

यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं. मग आवाज खाली आणून, "सर, दोन मिनिटं परत वर नेऊया का?"

मामा प्रिंटरचं एक टोक धरून जिना चढताना एवढंच म्हणाले, "साहेब, हे काय झेंगट आहे?" मी म्हटलं, "मामा, झेंगट नाही, झेन."

वर पोचलो तर पोराला फोटोत ड्रायव्हरही हवे, वाट बघत ताटकळलेले. खालून एकाला बोलावलं. त्याच्या हातात इनव्हॉइस होतं, ते खिशात घालायला लावलं. "दादा, जरा कंटाळल्यासारखं उभं राहा ना." तो म्हणाला, "साहेब, सहा वर्षं कंटाळूनच उभा होतो की इथं, तवा का नाय आलात?" मला हसू आलं, आणि मग खरं सांगायचं तर लाजही वाटली, कारण त्या सहातली चार वर्षं मीही इथेच होतो.

हाच पोरगा ट्रेनिंगमध्ये सांगतो की टोयोटात कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धत १९५१ पासून आहे. जपानचंच सांगायचं तर त्याच्याही कितीतरी आधी, १७२१ साली, तिथल्या योशिमुने नावाच्या शोगुनने (लष्करी राज्यकर्त्याने) एदोत, म्हणजे आताच्या तोक्योत, लोकांच्या तक्रारींसाठी पेटी ठेवली होती आणि ती तो स्वतः उघडायचा. एका वैद्याने चिठ्ठी टाकली की गरिबांसाठी दवाखाना हवा, तर पुढच्याच वर्षी दवाखाना सुरू! त्या वैद्याला कोणी विचारलं नाही की दवाखाना नसतानाचा फोटो कुठाय. आमच्याही गेटजवळ सूचनापेटी आहे म्हणा. किल्ली ॲडमिनकडे आहे असं सिक्युरिटी सांगते, आणि ॲडमिन सांगतं सिक्युरिटीकडे.

असो. फोटो झाला, आम्ही प्रिंटर उचलायला वाकलो तेवढ्यात आयटीवाले आले. "कुठे नेताय? असेट रजिस्टरला हा दुसऱ्या मजल्यावर आहे. हलवायचा तर फॉर्म भरा, प्लांट हेडची सही लागेल." म्हटलं अहो महिनाभर खालीच होता. तर म्हणे, "तेच तर, कोणाला विचारून नेला होतात?"

प्लांट हेड पंधरा दिवस बाहेर आहेत. माझं कायझेन मात्र काल मंजूर झालं, शंभर रुपयांचं कॅन्टीन कूपन मिळालं आणि नोटीस बोर्डावर तो आफ्टर फोटो लागला, प्रिंटर खाली, शेजारी मी. त्या बोर्डासमोरूनच ड्रायव्हर आता पुन्हा दोन जिने चढून इनव्हॉइस आणायला जातात.

कूपनाचे वडापाव मी आणि मामांनी खाल्ले. मामा म्हणाले, या महिन्यात तेही एक कायझेन देणारेत, लिफ्ट दुरुस्त करा म्हणून. आठ महिने बंद आहे, बिफोर फोटो कधीही या आणि काढा.