सरसकट पॅनेल कशाला?

लेख चांगला आहे, पण चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आला की रक्त गोठण्याच्या घटकांच्या तपासण्यांचं अख्खं पॅनेल करून घ्यावं, हा त्यातला सल्ला काही पटला नाही. फॅक्टर फाइव्ह लायडन हा 1994 साली सापडलेला जनुकीय दोष मुख्यतः शिरांमधल्या गुठळ्यांशी निगडित आहे, म्हणजे पोटरी सुजणं, गुठळी फुप्फुसात जाणं वगैरे. हृदयाच्या धमनीशी त्याचा संबंध त्यामानाने बराच क्षीण. आणि तरुणपणी अटॅक आलेल्यांत सर्रास आढळते ती सिगारेट! तिने रक्तातलं फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) वाढतं, प्लेटलेट्सही जास्त चिकट होतात. ते कळायला कुठली महागडी टेस्ट लागते?

अँजिओग्राफीत धमन्या स्वच्छ निघाल्या, आधी गुठळी झालेली असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर मात्र अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली, गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडं) जरूर बघाव्यात. या अँटिबॉडीजमुळे होणाऱ्या आजारात धमनी आणि शीर दोन्हीकडे गुठळ्या होतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासावा लागतो, एका रिपोर्टवर शिक्कामोर्तब होत नाही.

तपासणी कधी करावी, त्या वेळेबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन चालू असताना अँटिथ्रॉम्बिन (गुठळी रोखणारं प्रथिन) कमी दिसू शकतं, वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर प्रोटीन सी आणि एस ही तशीच प्रथिनं. आयसीयूतच नमुना घेतला की नसलेला आनुवंशिक दोष कागदावर उमटतो आणि मग घरातली सगळी भावंडं लॅबच्या रांगेत. लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, हार्ट अटॅकचा धोका वाढवणारा कण) कसं काय राहून गेलं, तेही कळलं नाही.